कारणाचा रकाना

"सगळे रकाने दाखवायचे. एकही लपवायचा नाही," गांगुर्डे आप्पा माझ्या खुर्चीच्या पाठीवर हात टेकून म्हणाले.

"आप्पा, सव्वीस आहेत."

"असू द्या. सव्वीस तर सव्वीस. पारदर्शकता म्हणजे पारदर्शकता."

मी पानाच्या कोपऱ्यातल्या 'रकाने निवडा'वर टिचकी मारली आणि खाली उघडलेल्या यादीत एकेका चौकटीत खूण करत गेले. जन्मतारीख, नेमणुकीची तारीख, शाळेचा क्रमांक, केंद्र, पटसंख्या, खोल्या... रकाना वाढला की अक्षर बारीक व्हायचं. शेवटी सगळं पान मुंग्यांच्या रांगेसारखं दिसायला लागलं. आप्पांनी चष्मा कपाळावर चढवला, परत नाकावर आणला, मग काढूनच टाकला.

"हे इथं काय लिहिलंय?"

"तुमचं नाव."

आप्पा खळखळून हसले. "बरं मग, करा थोडे कमी. पण मला विचारून!"

आप्पा आमच्या तालुक्यातल्या शिक्षक संघटनेचे पुढारी. मी शिक्षण विभागात लिपिक. दुसऱ्या दिवशी हायस्कूलच्या सभागृहात शिक्षकांच्या बदल्या व्हायच्या होत्या, आणि त्या वर्षी पहिल्यांदाच उघड्यावर. रिकाम्या जागांची यादी फळ्यावर पडणार, सेवाज्येष्ठतेने एकेकाचं नाव पुकारलं जाणार, त्याने पुढे यायचं आणि सगळ्यांच्या देखत शाळा निवडायची. त्याआधी याद्या साहेबांच्या कपाटात असायच्या, आणि कपाटाच्या किल्लीभोवती अर्धा तालुका प्रदक्षिणा घालायचा. आता यादी वेबसाइटवर आली होती. फळ्यावर तिच्यातलं काय दिसावं आणि काय नाही, हे मात्र माझ्या बोटाखाली होतं.

आठवडाभर मास्तर मंडळी सहज म्हणून डोकावून जात होती. कोण काय उघडायला सांगतो यावरून माझी करमणूक चालली होती. नवीन लग्न झालेला आधी अंतर बघायचा. घराचं बांधकाम काढलेला तालुक्यापासूनचा रस्ता बघायचा. एका गुरुजींनी पटसंख्येचा रकाना उघडायला लावून सगळ्यात लहान आकडा कुठे आहे ते बघितलं आणि मला म्हणाले, "मला छोट्या शाळेत मुलांकडे वैयक्तिक लक्ष देता येतं." मी म्हटलं, "दिसतंय गुरुजी."

घासाघीस करून आप्पा आणि मी आठ रकान्यांवर आलो. आठवा त्यांनी हट्टाने ठेवला. तो म्हणजे 'कारण'.

"आजार, अपंगत्व, जे काय असेल ते. ज्याचा नंबर आधी लागेल त्याचं कारण फळ्यावर दिसलं पाहिजे. मागच्या वर्षी आठवतंय ना? तिघांना एकदम हृदयविकार झाला, आणि रस्त्याकाठची शाळा मिळाल्याबरोबर तिघंही खडखडीत!"

खरंच होतं ते.

"आणि उद्याच्या सूत्रसंचालनाला निंबा देवरेला सांगायचं म्हणून महिनाभर फोन करतोय," जाता जाता आप्पा बडबडले. "उचलत नाही. मोठा माणूस झालाय. परत फोन करायची तर पद्धतच गेली."

निंबा देवरे गुरुजी म्हणजे तालुक्याचा आवाज. पंधरा ऑगस्ट असो, क्रीडास्पर्धा असोत, कुणाचा निरोप समारंभ असो, माईक त्यांच्याच हातात. कबड्डीच्या सामन्याचं वर्णन ते असं करायचे की मैदानाकडे पाठ करून चहा पिणाऱ्याच्याही अंगावर काटा यायचा.

आप्पा गेले आणि जेवणाच्या सुट्टीच्या जरा आधी त्याच देवऱ्यांच्या बायको आल्या. कुमुदिनीबाईही शिक्षिका. नवऱ्यापेक्षा नोकरीत आठ वर्षांनी वरिष्ठ, आणि ते गुरुजी स्वतःच माईकवरून सांगून हशा घ्यायचे. बाई एकट्याच आत आल्या. खिडकीतून बाहेर चहाच्या टपरीपाशी गुरुजी उभे दिसत होते. भर मे महिना, आणि गळ्याला मफलर. मला वाटलं, ही कसली नवी ऐट!

"ताई, एक विचारायचं होतं," बाई म्हणाल्या. "उद्या फळ्यावर कारणाचा रकाना दिसणार आहे का?"

"दिसणार. आत्ताच आप्पा ठरवून गेले."

"आणि एखाद्याचं नको असेल तर?"

"रकाना असतो बाई, एखाद्याचा नसतो. दाखवला तर सगळ्यांचा, झाकला तर सगळ्यांचा."

त्यांच्या हातात सवलतीचा अर्ज होता. त्याला हॉस्पिटलचे कागद टाचलेले. अर्ज द्यायची शेवटची तारीख तीच होती. त्यांनी तो उघडला नाही, माझ्या टेबलावर ठेवलाही नाही. मधोमध घडी घातली, पुन्हा एक घडी घातली आणि पर्सच्या आतल्या कप्प्यात टाकून चेन ओढली.

"द्या की. नंबर आधी लागेल," मी म्हटलं.

"गुरुजींचा आहे. एवढ्या लोकांसमोर फळ्यावर नाही चालणार त्यांना."

"साहेबांच्या कानावर घालते मी हवं तर. चांगले आहेत बोरस्तेसाहेब."

"नको ताई. एकदा कागदावर आलं की मग माणूस गुरुजी राहत नाही, केस होतो. आत्ताच बघा ना, दिवाळीपासून त्यांना वर्ग नाही. मुख्याध्यापकांनी खिचडीच्या तांदळाचा हिशेब दिलाय. 'आराम करा देवरे,' म्हणतात. रोज संध्याकाळी घरी आले की हात धुतात आणि गप्प बसून राहतात. मला आम्हा दोघांना एक शाळा पाहिजे. एकच. दोघांचीच. त्यांचा वर्ग काढून घ्यायला तिसरं कोणी नको."

आता, नवरा-बायकोंना जवळ आणायची सवलत होती, नाही असं नाही. पण दोघांच्या शाळा तीस किलोमीटरच्या आत आल्या की सरकारच्या हिशेबी संसार सुखाचा झाला. हे दोघं तर एकाच घरात राहत होते. त्यांना कुठलं कलम लागणार?

"मग जमायचं कसं?" मी विचारलं.

"रिकाम्या जागांचं पान उघडता? आणि त्यातले बाकीचे सगळे रकाने काढा. शाळेचं नाव ठेवा. मंजूर शिक्षक किती आणि रिकामे किती, एवढंच ठेवा."

मी खुणा काढल्या. अंतर गेलं, रस्ता गेला, पट गेला. तीन रकाने राहिले आणि अक्षर चांगलं ठसठशीत झालं. बाई खुर्ची ओढून जवळ आल्या आणि वरून खाली बोट फिरवत निघाल्या. मंजूर दोन, रिकामे दोन, अशी जागा त्या शोधत होत्या.

मी एवढी वर्षं या टेबलावर बसून माणसं वाचत आले. पण रिकामेपणा शोधायला आलेलं माणूस पहिल्यांदाच बघत होते. मंजूर दोन आणि रिकामे दोन म्हणजे कोणालाही नको असलेली शाळा. तिथे आधी नंबर लागायची गरजच नाही. सगळ्यांनी घेऊन झाल्यावरही ती उरणारच. सवलतीचं सरकारी कुलूप न उघडता ही बाई मागच्या दाराने स्वयंपाकघरात शिरत होती, आणि तेही कायद्याने!

अशा तीन शाळा निघाल्या. दोन ठिकाणी नदी उतरून चालत जावं लागतं. तिसरी वाघधोंड. डोंगरातलीच, पण एसटी जाते.

"एसटी पाहिजेच," बाई म्हणाल्या. "महिन्यातून एकदा नाशिकला दवाखान्यात जावं लागतं."

"अहो, पण तुम्हाला ज्येष्ठतेने तालुक्याच्या गावात मिळेल. नळाचं पाणी सोडून कुठे निघालात?"

"पाणी भरता येतं ताई," त्या उठत म्हणाल्या. "फक्त त्यातली एक जागा कोणी घेऊ नये, एवढंच."

बाहेर गेल्यावर त्या गुरुजींशी बोलल्या. गुरुजींनी मान हलवली, दोन वेळा, आणि बायकोच्या हातातली पर्स आपल्या हातात घेतली. आमच्याकडे पुरुषमाणूस बायकोची पर्स भर रस्त्यात धरत नाही. मी खिडकी सोडून कामाला लागले.

दुसऱ्या दिवशी सभागृह गच्च भरलं. नेहमीचा पडदा फाटलेला निघाला, म्हणून भिंतीवरच्या मोठ्या पांढऱ्या फळ्यावरच प्रकाश टाकला. मी लॅपटॉप घेऊन कोपऱ्यात बसले. बोरस्तेसाहेबांनी प्रास्ताविक आटोपलं न आटोपलं तोच आप्पा उभे राहिले.

"साहेब, एक मागणी आहे. मागच्या वेळी दोघाजणांनी नंतर तक्रार केली की आमच्याकडून जबरदस्तीने सही घेतली. म्हणून सहीवर भागणार नाही. प्रत्येकाने स्वतः माईकवर शाळेचं नाव घेऊन 'मान्य आहे' म्हणायचं, आणि शूटिंगमध्ये ते आलं पाहिजे. दुसऱ्याने म्हटलेलं चालणार नाही."

लोकांनी बाकं वाजवली. साहेबांनाही ते बरं वाटलं. तक्रारी झेलून ते पिकले होते. "मान्य," ते म्हणाले. लग्नांचं शूटिंग करणारा एक मुलगा बोलावलेला होता, त्याने कॅमेरा माईकसमोर आणून ठेवला.

देवरे नवरा-बायको डाव्या बाजूला खिडकीपाशी बसले होते. बाईंनी गुरुजींकडे पाहिलं. गुरुजींनी मफलरवरून हात फिरवला आणि समोरच्या फळ्याकडे बघत राहिले. मला वाटलं, लाजतात की काय? पण देवरे गुरुजी आणि माईकला लाजणार?

नावं पुकारली जाऊ लागली. सवलतवाले आधी. कारणाच्या रकान्यात एकेकाचं दुखणं फळ्यावर पडायचं, हातभर मोठं, आणि मागच्या बाकांवरून कुजबुज यायची. एका बाईंच्या नावापुढे त्यांच्या गर्भाशयाचा आजार लिहून आला. त्यांनी शाळेचं नाव इतक्या हळू घेतलं की दोनदा म्हणावं लागलं, आणि मग त्या जागेवर न जाता सरळ दाराबाहेर गेल्या. आप्पा तेव्हा पायाकडे बघत होते.

मग ज्येष्ठतेची रांग सुरू झाली. कुमुदिनीबाईंचं नाव खूप आधी आलं, तेव्हा त्यांनी "मी यांचा नंबर आल्यावर घेईन, यांच्याबरोबर," असं सांगून आपली पाळी सोडली. नियमात ते बसत होतं. सभागृहात "अगं बाई, काय हे!" झालं. चांगल्या शाळा भराभर संपत गेल्या. यादी फळ्यावर आखडत चालली आणि वाघधोंड वर वर सरकू लागलं.

मधेच एक हौशी मास्तर उठून आला. केसांना जेल लावलेलं. त्याने यादी न्याहाळली, एसटीच्या रकान्यावर नजर ठेवली आणि म्हणाला, "हे वाघधोंड कसं आहे? एसटी जाते तिथं."

मी मान वळवून पाहिलं. खिडकीपाशी बाईंनी पदराचं टोक मुठीत आवळलं.

"जा की," मागून आप्पा ओरडले. "हवा चांगली आहे. मोबाईलला रेंज मिळवायची तर टेकडीवर चढावं लागतं, तेवढाच व्यायाम!"

"रेंज नाही?" तो दचकला. "मग रेंजचा रकाना का नाही ठेवला?"

सगळं सभागृह हसलं. त्याने दुसरी कुठली तरी शाळा घेतली. आप्पांनी त्या वेळी कुणाचं काय वाचवलं, हे त्यांना ठाऊक नव्हतं.

अखेर गुरुजींची पाळी आली, म्हणजे दोघांचीही. बाई आधी पुढे गेल्या. "कुमुदिनी निंबा देवरे. वाघधोंड. मान्य आहे." आवाज खणखणीत. लोक एकमेकांकडे बघायला लागले. कोणीतरी म्हणालं, "वेड लागलं का बाईला?"

"देवरे गुरुजी," साहेबांनी पुकारलं.

गुरुजी उठले. बाई माईकपाशीच उभ्या होत्या. "साहेब, यांचीही वाघधोंडच. यांच्या वतीने मीच सांगते."

"नाही बाई, त्यांनी स्वतः सांगायला हवं. आत्ताच ठरलंय ना?"

"सही करतील ते."

"सहीचं मागाहून. आधी बोलू द्या त्यांना."

"अरे देवरे, बोल की!" आप्पा मागून मोठ्याने म्हणाले. "महिनाभर फोन उचलत नाहीस, आता माईकही उचलत नाहीस? का मानधन पाहिजे?"

पुन्हा हशा. गुरुजी माईकजवळ गेले. सवयीने त्यांनी तो बोटाने जरा खाली केला, अगदी पंधरा ऑगस्टला करायचे तसा. तोंड उघडलं. आणि भोंग्यातून नुसता वारा आला. कोरडा, खरखरता वारा.

"माईक गेला का?" शूटिंगवाला म्हणाला. पुढे येऊन त्याने माईकवर टिचकी मारली. टक् टक्. माईक चालू होता.

गुरुजींनी पुन्हा प्रयत्न केला. मफलर सैल झाला आणि गळ्यावरची पट्टी पुढच्या बाकांना दिसली. पुढचे गप्प झाले, मग त्यांच्या मागचे, मग सगळेच. इतके मास्तर एका खोलीत आणि कोणीच बोलत नाही, असं मी त्याआधी पाहिलं नव्हतं.

कुमुदिनीबाईंनी त्यांच्या दंडाला हात लावला. त्यांनी तो हळूच बाजूला केला आणि फळ्याकडे वळले. खालच्या कडेवर मार्कर पडला होता. त्यांनी तो उचलला, टोपण दातांनी काढलं आणि फळ्यावर हात टेकवला.

पण फळ्यावर माझी यादी होती. आठही रकाने. अंतर, पट, रस्ता, एसटी, आकडेच आकडे, आणि ते सगळे आता त्यांच्या हातावर, सदऱ्यावर, कानशिलावर पडले होते. लिहिलेलं अक्षर त्या गर्दीत दिसलंच नसतं.

मी 'रकाने निवडा' उघडलं. पटसंख्येची खूण काढली. अंतर काढलं. रस्ता. एसटी. मंजूर. रिकामे. कारण. गुरुजींच्या पाठीवरून एकेक ओळ उतरत गेली. साहेब माझ्याकडे बघत होते. शेवटच्या रकान्याला मी हात लावला तेव्हा पानावर सूचना आली, किमान एक रकाना ठेवणे आवश्यक आहे. तो शाळेच्या नावाचा होता. राहू दिला.

रिकाम्या पांढऱ्या उजेडात डाव्या कडेला फक्त गावांची नावं उरली. 'वाघधोंड' या अक्षरांसमोर, त्याच ओळीत, गुरुजींनी लिहिलं, 'मान्य आहे'. पहिलीच्या पोरांसाठी काढतात तसं गोल, सावकाश, काना सरळ. खाली सही केली आणि बाजूला झाले, म्हणजे मागच्यांनाही दिसावं.

साहेबांनी घसा खाकरला. "पण आता... नियमाप्रमाणे तोंडी..."

मागून खुर्ची सरकल्याचा आवाज झाला. आप्पा उभे होते. चेहऱ्यावर हसण्याची खूणही नव्हती. "साहेब," ते म्हणाले, आणि तालुकाभर सभा गाजवणाऱ्या त्या माणसाला पुढचा शब्द सापडायला वेळ लागला. "म्हणाला तो. मी ऐकलं."

"मीपण ऐकलं," खिडकीपासून कुणीतरी म्हणालं.

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. "शेवाळेबाई?"

"स्पष्ट आलं साहेब," मी म्हटलं, आणि तोंडी संमतीच्या चौकटीत 'होय' भरलं.

शूटिंगवाला गोंधळून म्हणाला, "पण आवाज नाही आला यात."

"तू लग्नं करत जा रे," आप्पा त्याच्यावर खेकसले.

गुरुजी आणि बाई आपल्या जागेवर गेले नाहीत. भिंतीला टेकून तिथेच उभे राहिले. बाईंनी गुरुजींचा मफलर नीट केला. गुरुजींनी तो पुन्हा सैल केला, आणि मग काढून हातात घेतला.

अजून बरेच शिक्षक राहिले होते. यादी पुढे न्यायची म्हणून मी रकाने परत आणले. 'कारण' तेवढा आणला नाही. आप्पांनीही विचारलं नाही. नवी नावं फळ्यावर सरकत गेली, आणि गुरुजींची अक्षरं आपल्या जागी तशीच राहिली. त्यामुळे जी शाळा त्या ओळीत येईल तिच्यापुढे 'मान्य आहे' असं आपोआप लिहिलेलं दिसायचं.

"कोणीतरी पुसा बरं ते," बोरस्तेसाहेब म्हणाले.

डस्टर समोरच होतं. पहिल्या बाकावरच्या कोणाचाही हात पोचला असता. संध्याकाळी शेवटचं नाव पुकारून होईपर्यंत कोणी उठलं नाही.